चष्मा दप्तरात, मुलगी पहिल्या बाकावर

या वेळचं पत्र एका शिक्षिकेचं आहे. थोडं आटोपशीर करून देतो.

"स. न. वि. वि. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीचा वर्ग घेते. आरोग्य पथक यायच्या आधी मुलांची नजर तपासून ठेवा असं मुख्याध्यापकांनी सांगितलं, म्हणून भिंतीला तक्ता लावून मीच सगळा वर्ग तपासला. सात जणांना खालच्या ओळी लागेनात. पथकातल्या डॉक्टरांनी त्या सातांना चिठ्ठ्या दिल्या. शिवाय माझ्याकडे धडाधड वाचून पास झालेल्या एका मुलाचा डावा डोळा त्यांनी नीट झाकून बघितला, तर उजव्याने त्याला वरच्या दोन ओळींपलीकडे काही दिसत नव्हतं. त्यालाही चिठ्ठी दिली. त्याचे वडील म्हणतात, एका डोळ्याने दिसतंय ना, मग झालं.

दोन महिने होत आले. ग्रामीण रुग्णालयात जाऊन आले ते दोघेच. त्यातल्या मुलीला चष्मा मिळाला, पण तो दप्तरात असतो. मी बघितलं की घालते, पाठ वळली की काढते. तिची आजी शाळेत येऊन म्हणाली, 'बाई, पोरीच्या डोळ्यांना हे काय लावून दिलंत? उद्या तिला कोण करून घेईल? आणि एकदा चष्मा लागला की नंबर वाढतच जातो.' दुसऱ्या मुलाच्या डोळ्यांत औषध घातलं तर त्याला कितीतरी दिवस पुस्तकातलं दिसेना. वडील माझ्याशीच भांडले. पुन्हा बोलावलंय, पण नेत नाहीत.

नंबर वाढतो का, हे मला ठामपणे सांगता येत नाही. आणि खरं सांगू का, हे माझं काम आहे का, असंही आता वाटायला लागलंय."

ताई, नमस्कार.

तुमच्या यादीत सात अधिक एक अशी आठ मुलं आहेत. त्यातला तो 'एक' आधी. बाकीच्यांचं पंधरा दिवस पुढेमागे झालं तरी चालेल, त्याचं नको.

एका डोळ्याने दिसतंय हे वडिलांचं म्हणणं खरं आहे, आणि म्हणूनच आजवर कुणाच्या ध्यानात आलं नाही. दोन्ही डोळे कमी असलेलं मूल फळ्याजवळ सरकतं, डोळे बारीक करतं, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतं. एक डोळा धड असलेलं मूल क्रिकेट खेळतं, सायकल पळवतं, वर्गात पहिलंही येतं. दुसरा डोळा कामाचा नाही हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं, कारण चांगला डोळा झाकून बघायची वेळ त्याच्यावर कधी आलेली नसते.

अशा मुलांत बहुतेकदा एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असतो, नाहीतर सहज लक्षात न येणारा तिरळेपणा असतो. एका डोळ्याकडून स्वच्छ चित्र येतं, दुसऱ्याकडून धूसर, आणि मेंदू त्या धूसर चित्राकडे दुर्लक्ष करायला शिकतो. मग पुढे योग्य नंबरची काच लावली तरी त्या डोळ्याला लगेच पूर्ण दिसत नाही. हा आळशी डोळा. आधी चष्मा द्यायचा, मग चांगल्या डोळ्यावर रोज ठरावीक तास पट्टी लावून आळशी डोळ्याला कामाला जुंपायचं, असा त्याचा उपचार असतो. सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाला तर गुण सगळ्यात चांगला येतो. तुमचा मुलगा दहा-अकरा वर्षांचा असणार. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. अमेरिकेत ७ ते १७ वयाच्या मुलांवरचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ७ ते १२ वयाच्या गटात चष्म्याबरोबर पट्टी वगैरे उपचार मिळालेल्यांपैकी ५३ टक्के मुलांची नजर तक्त्यावर दोन ओळी किंवा अधिक सुधारली, नुसता चष्मा मिळालेल्यांत २५ टक्क्यांची. वय जसं वाढतं तसा हा फायदा आटत जातो, म्हणून घाई.

कारण आळशी डोळाच असेल असंही नाही. मोतीबिंदू लहान मुलांतही असतो, डोळ्याच्या आतल्या पडद्याचे आजार असतात. ते तक्त्यावर कळत नाही, नेत्रतज्ज्ञाने आतून डोळा बघावा लागतो. बाहुलीत पांढरं दिसणारं किंवा डोळा तिरपा जाणारं मूल कधी आढळलं तर तक्त्याची वाटच बघू नका, सरळ पाठवा.

वडिलांना मेंदू-बिंदू सांगत बसू नका. पोलीस भरतीत आणि सैन्य भरतीत वैद्यकीय तपासणीला दोन्ही डोळे वेगवेगळे बघतात, एवढं सांगा. पाचवीतल्या मुलाच्या बापाच्या डोक्यात भरती असतेच, मुलाच्या नसली तरी. आणि उद्या चांगल्या डोळ्याला काही लागलं तर हाताशी काय राहणार, हेही विचारा.

आता तो तुमच्याकडे पास कसा झाला ते बघू. यात तुमच्यापेक्षा रांगेचा हात जास्त. पुढची वीस मुलं तीच ओळ मोठ्याने म्हणतात, एकविसाव्याला ती पाढ्यासारखी पाठ झालेली असते. त्यातून डोळा झाकायला बोटं वापरली की फटीतून बघायची सोय आपोआप होते. मुलं यात फसवाफसवी करतात असं मला वाटत नाही. परीक्षा म्हटली की पास व्हायचं, एवढंच त्यांना शिकवलेलं असतं.

तेव्हा पुढच्या वेळी वर्गातली रांग मोडा. एकेका मुलाला आत बोलवा, बाकीच्यांना ऐकू येणार नाही इतक्या लांब बसवा. अंतर ६ मीटर हवं, आणि ते पावलांनी मोजू नका, टेप लावा. वर्गखोलीत जागा पुरत नसेल तर व्हरांड्यात जा. खडूची रेघ ओढून टाचा रेघेवर ठेवायला सांगा, आणि मूल कमरेतून पुढे झुकतंय का तिकडे डोळा ठेवा, सगळी झुकतात. तक्ता मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला लावा. त्यावर भरपूर उजेड पडला पाहिजे, पण त्याच्या मागे खिडकी नको. व्हरांड्याच्या टोकाला, पाठीशी लख्ख ऊन असलेल्या जाळीवर टांगलेला तक्ता मी इतक्या शाळांत बघितलाय की त्यावर वेगळं सदर लिहिता येईल. आधी उजवा डोळा, मग डावा. झाकायला पुठ्ठा घ्या किंवा तळहाताची ओंजळ, आणि डोळा दाबू देऊ नका. दाबलेला डोळा उघडला की थोडा वेळ धूसरच दिसतं, आणि चांगलं मूल नापास होतं.

अक्षरांच्या तक्त्यापेक्षा ई चा तक्ता बरा. त्यात इंग्रजी ई वेगवेगळ्या दिशांना वळवलेली असते, मुलाने तिची तोंडं कुठे आहेत ते हाताने दाखवायचं. अक्षरओळख कच्ची असली तरी अडत नाही आणि पाठही होत नाही. साधारणपणे ६/९ ची ओळ लागली नाही की पुढे पाठवायचं. ६/९ म्हणजे निरोगी डोळा जी ओळ ९ मीटरवरून वाचतो ती या मुलाला ६ मीटरपर्यंत यावं तेव्हा लागते. आधीपासून चष्मा असलेल्या मुलाला चष्मा लावूनच तपासा. आणि दोन्ही डोळ्यांचे आकडे वेगवेगळे लिहा. नुसतं 'दृष्टी बरी' लिहिलेली वही मला शून्य उपयोगाची.

एक गोष्ट तक्ता पकडत नाही. जवळचं बघायला ज्यांना ताण पडतो, म्हणजे ज्यांचा नंबर प्लसचा असतो, अशी मुलं लांबचा तक्ता बहुधा फाडफाड वाचतात. त्या वयात डोळ्यात जोर इतका असतो की दोष झाकला जातो. मग वाचायला बसलं की डोकं दुखतं, ओळ सुटते, आणि आपण म्हणतो अभ्यासाचा कंटाळा. अशी तक्रार असेल तर पास झालेलं मूलही पाठवा.

तुमच्या दुसऱ्या मुलाचं औषध याच कारणासाठी होतं. मुलाचा डोळा आपल्या जोरावर फोकस पुढेमागे करत राहतो, त्यामुळे खरा नंबर सापडत नाही. औषधाने तो जोर तात्पुरता शिथिल करतात आणि मग नंबर मोजतात. तोवर बाहुली मोठी राहते, उन्हात डोळे दिपतात आणि जवळचं धूसर दिसतं. काही थेंबांचा असर एका दिवसात ओसरतो, ॲट्रोपिनचा आठवडा, क्वचित दोन आठवडेही राहतो. हे घरी जाताना सांगायला हवं होतं. ते सांगितलं नाही, आणि शिव्या तुम्ही खाल्ल्या. वडिलांना एवढंच सांगा की पोराचा डोळा बिघडलेला नाही, औषध उतरलंय, आणि आता पुन्हा बोलावलंय ते चष्म्याचा पक्का नंबर लिहून द्यायला. ती दुसरी खेप चुकली तर पहिली खेप, बुडालेली मजुरी आणि पोराचे हाल, सगळं फुकट जातं. माझ्या बघण्यात मुलं सगळ्यात जास्त गळतात ती इथेच, दोन खेपांच्या मधे.

राहिलेली मुलं का गेली नाहीत, याचं उत्तर बहुतेक वेळा अडाणीपणा नसून रोजगार असतो. चिठ्ठीवर 'दृष्टिदोष, पुढील तपासणीसाठी संदर्भित' असं काहीतरी असतं. कुठे जायचं, कुठल्या वारी, कुणाला भेटायचं, यातलं काहीही नसतं. माणूस एक रोज बुडवून तालुक्याला जातो आणि कळतं की डोळ्यांचे साहेब आज शिबिराला गेलेत. दुसऱ्यांदा कोण जाईल? ग्रामीण रुग्णालयाचे नेत्र चिकित्सा अधिकारी कुठल्या दिवशी हमखास बसतात ते आधी फोनवर विचारा. मग सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच गाडीने पाठवा. पालकांपैकी दोघं आणि शाळा व्यवस्थापन समितीतला एक जण बरोबर गेला तर बाकीच्यांचा रोज बुडत नाही. मात्र न जाणाऱ्या पालकांची लेखी संमती घ्या, औषध घालावं लागेल हे सांगूनच. गरजू विद्यार्थ्यांना मोफत चष्मे द्यायची तरतूद राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात आहे. ती तुम्ही विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगेल याची खात्री धरू नका.

आजीकडे येतो. नंबर वाढतो का? वाढतो, पण चष्म्याने नव्हे. लांबचं न दिसणाऱ्या मुलाचा डोळा पुढून मागे जरा लांबट असतो, आणि अंगाबरोबर डोळाही वाढतो तसा मायनस नंबर वाढतो. चष्मा लावा, नका लावू. पोराची चप्पल दर वर्षी लहान होते, ती चप्पल घातल्याने पाय वाढतो म्हणून नाही, हे आजीला पटेल. कमी नंबरचा चष्मा द्यायचा आणि वाढ रोखायची, हा जुना समज मलेशियात तपासून बघितलाय. अर्ध्या मुलांना पूर्ण नंबर दिला, अर्ध्यांना मुद्दाम कमी. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आला, कमी नंबरवाल्यांचाच नंबर जास्त वाढला होता. गाजराने नंबर उतरत नाही. गाजरातलं अ जीवनसत्त्व रातांधळेपणा टाळायला लागतं, ती गोष्ट वेगळी.

मैदानाचं मात्र खरं आहे. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर उजेडात ठेवलं. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या ३०.४ टक्क्यांना नव्याने मायनस नंबर लागला होता, नेहमीचं वेळापत्रक असलेल्या शाळांत ३९.५ टक्क्यांना. लागलेला नंबर याने जात नाही, पण खेळाचा तास गणिताला देणाऱ्या सहकाऱ्यांना हे आकडे जरूर ऐकवा.

लग्नाच्या काळजीवर वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं मला ठाऊक नाही. त्यापेक्षा आजीला पुन्हा शाळेत बोलवा, चहा द्या. नातीला फाटकाशी उभी करा आणि रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानाची पाटी वाचायला सांगा, आधी बिनचष्म्याची, मग चष्मा लावून. मधे काही बोलू नका. नंतर आजीला विचारा, तुमचे डोळे कधी दाखवले होते? त्या वयात मोतीबिंदू असायची शक्यता भरपूर, आणि त्याचं मोफत ऑपरेशन त्याच सरकारी कार्यक्रमात होतं. नातीच्या गाडीत आजीही जाऊन आली तर घरातला चष्म्याचा विरोध निम्म्यावर येतो. हा माझा खात्रीचा उपाय आहे, थोडा लबाडीचा असला तरी.

मग मुलगी. चष्मा का काढते, हे तिला विचारण्याआधी चष्मा हातात घेऊन बघा. नाकावरून घसरतो का, कानामागे टोचतो का, एक काडी वाकलीय का. मोफत चष्म्यांच्या फ्रेम मुलांच्या नाकाचा विचार करून निवडलेल्या असतात असं मला कधी दिसलं नाही. चष्मा लावून तिला तक्त्यासमोर उभी करा. ६/९ ची ओळ तरीही लागत नसेल तर चष्म्यातच चूक असू शकते. तो परत दाखवा, तिला दोष देऊ नका. नंबर अगदी बारीक असेल तर दिवसभर लावायचा की फळ्यापुरता, हेही अधिकाऱ्यांना विचारून घ्या. काचा शर्टाच्या टोकाने कोरड्या पुसायच्या नाहीत, पाण्याने धुवायच्या, हे तिला करून दाखवा. ओरखडे पडलेल्या काचेतून कुणालाच बघावंसं वाटत नाही.

ती एकटी नाही. पुणे जिल्ह्यातल्या ग्रामीण माध्यमिक शाळांत २००९ मध्ये चष्मे मिळालेल्यांपैकी १०१८ विद्यार्थ्यांना पुढे पुन्हा तपासलं, तर डोळ्यांवर चष्मा होता ३०० जणांच्या. चीनमधल्या गान्सू आणि शान्शी प्रांतांतल्या शाळांत मोफत चष्मे मिळालेल्या मुलांना विचारलं तेव्हा ६८ टक्के म्हणाली आम्ही वापरतो. न सांगता वर्गात जाऊन बघितलं तर ४१ टक्केच सापडली. आणि तरीही चष्मे मिळालेल्या शाळांतल्या मुलांचे गणिताचे गुण सुधारलेले दिसले. तेव्हा 'घालतेस ना?' हा प्रश्न सोडून द्या. अचानक वर्गात शिरून बघा.

'ढापणी' म्हणणारे दोघं-तिघं कोण आहेत ते तुम्हाला माहीतच असणार. त्यांना सगळ्या वर्गासमोर रागावू नका, त्याने तिचाच तमाशा होतो. बाजूला घेऊन बोला. वर्गातल्या दोन-तीन मुलांना एकाच आठवड्यात चष्मे आले तर चिडवण्यातली गंमत आपोआप कमी होते, उरलेल्या सगळ्यांना एकदम पाठवायचं हेही एक कारण. आणि एक करा. दिसत नाही म्हणून तुम्ही तिला पहिल्या बाकावर बसवलं असणार, सगळ्या चांगल्या शिक्षिका बसवतात. आता तिला तिथून उठवा आणि तिसऱ्या-चौथ्या बाकावर बसवा. पहिल्या बाकावरून चष्म्याशिवाय कसंबसं भागतं, तोवर चष्मा दप्तरातच राहणार.

तुमचा शेवटचा प्रश्न. जनगणना, मतदार याद्या, आहाराच्या नोंदी आणि रोज नवीन ऑनलाइन लिंक यांच्यावर हे आणखी एक ओझं, हे मला कळतं. शिक्षकांनी नजरेची पहिली चाळणी लावायची, ही रीत राष्ट्रीय कार्यक्रमात १९९४ पासून आहे. तुमच्याकडे आलेलं पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, तो २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्या डॉक्टरांना शाळेत वर्षातून एकदा यायचं असतं आणि तेवढ्या वेळात हृदयापासून दातांपर्यंत सगळं बघायचं असतं. मूल डोळे बारीक करतंय हे रोज बघणारी तुम्हीच. पण नंबर काढणं, औषध समजावणं, चष्मा आणून देणं ही तुमची कामं नाहीत, ती तुमच्या गळ्यात पडू देऊ नका. पथकाच्या डॉक्टरांचा फोन नंबर घ्या आणि न गेलेल्यांची नावं त्यांना कळवा. पाठपुरावा त्यांच्याही कामात मोडतो. आशाताईंनाही यादी द्या, त्या घरी जाऊ शकतात.

तुम्ही फक्त एक वही ठेवा. नाव, उजवा डोळा, डावा डोळा, पाठवल्याची तारीख, गेल्याची तारीख, चष्मा मिळाला का, नाकावर दिसला का. वर्ष संपताना ती सहावीच्या शिक्षकांच्या हातात द्या, कारण मुलांचे नंबर वर्षभरात बदलतात आणि काचा फुटतात.

त्या मुलाला या आठवड्यात न्यायला सांगा, आणि त्याच्या दोन्ही डोळ्यांचे आकडे वेगवेगळे लिहून मला कळवा.